थीम पार्कला फॅमिली घेऊन पहिल्यांदाच जाताय? किती दिवस ठेवायचे ते असं ठरवा

मोठ्या थीम पार्कला जायचं पक्कं झालं की घरात पहिला विषय तिकिटाचा निघतो, आणि तिकिटाचं पान उघडलं की समोर १ दिवस, २ दिवस, ३, ४, ५ असे पर्याय येतात आणि तिथेच गाडी अडते. एक दिवस घेतला तर पोरांचं मन भरणार नाही, चार घेतले तर पैसे वाया जातील की काय अशी धाकधूक. मग ओळखीतलं कोणी सांगतं "एक दिवस बास झाला", दुसरं कोणी सांगतं "पाच दिवस पण कमी पडले आम्हाला", आणि दोघंही खरंच सांगत असतात कारण एकजण हाँगकाँगला जाऊन आलेला असतो आणि दुसरा फ्लोरिडाला, एकाची मुलं कॉलेजात असतात आणि दुसऱ्याचा मुलगा तीन वर्षांचा. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून काही उपयोग नाही, आपला आपणच काढायचा. कागद-पेन घेऊन बसलं तर एका संध्याकाळचं काम आहे, आणि ते तिकीट काढायच्या आधी करायचं.

पायरी १ : आधी बघा, गेट किती आहेत

"डिस्नीला जायचंय" एवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण डिस्नी म्हणजे कुठलं ते सांगितल्याशिवाय दिवसांचा हिशोब सुरूच होत नाही. काही ठिकाणी एकच पार्क असतं, काही ठिकाणी शेजारी शेजारी दोन, आणि काही ठिकाणी चार-चार पार्क आणि वर वॉटर पार्क.

एकच गेट असलेली ठिकाणं म्हणजे हाँगकाँग डिस्नीलँड (२००५ साली सुरू झालं), शांघाय डिस्नीलँड (२०१६), सिंगापूरला सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज. सिंगापूरचं पार्क आटोपशीर आहे, सकाळी वेळेवर गेलात तर एका दिवसात व्यवस्थित होतं. हाँगकाँगला पण बहुतेक फॅमिलींचं एका दिवसात भागतं, पण २०२३ मध्ये तिथे फ्रोझनचा नवा भाग सुरू झालाय आणि घरात त्या वयाची मुलं असतील तर दुसरा दिवस अंगावर येणार नाही, उलट बरं वाटेल. शांघाय मात्र एकच पार्क असलं तरी आकाराने मोठं आणि गर्दी प्रचंड, तिथे मी दोन दिवसच म्हणेन.

दोन गेटची ठिकाणं : कॅलिफोर्नियातलं अनाहाइम, जिथे १९५५ चं मूळ डिस्नीलँड आहे आणि २००१ मध्ये त्याच्या अगदी समोर दुसरं पार्क आलं. दोन्हींची दारं समोरासमोर आहेत, चालत काही मिनिटांत या पार्कातून त्या पार्कात जाता येतं, म्हणून तिथे दिवस वाया जात नाही आणि दोन ते तीन दिवसांत पोटभर होतं. टोकियोलाही दोन, १९८३ चं डिस्नीलँड आणि २००१ चं डिस्नीसी, आणि डिस्नीसीमध्ये २०२४ ला नवा मोठा विभाग वाढलाय, त्यामुळे प्रत्येकाला एक-एक पूर्ण दिवस हे तिथलं कमीत कमी धरा. पॅरिसला पहिलं पार्क १९९२ चं आणि दुसरं २००२ चं, पहिल्याला जास्त वेळ लागतो, दुसऱ्याला कमी.

आणि मग ऑरलँडो. इथे नवख्या माणसाचा अंदाज हमखास चुकतो. फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये चार वेगळी थीम पार्क आहेत, मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलीवूड स्टुडिओज (१९८९, तेव्हा नाव वेगळं होतं) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८), शिवाय दोन वॉटर पार्क, आणि हे सगळं मिळून जागा साधारण १०० चौरस किलोमीटर. एका पार्कातून दुसऱ्यात जायचं म्हणजे बस नाहीतर मोनोरेल नाहीतर बोट, आणि दारापासून दारापर्यंत पाऊण तास सहज जातो. मॅजिक किंगडमचं तर पार्किंगसुद्धा दारात नाही, गाडी लावायची ती तलावाच्या अलीकडे आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जायचं, म्हणजे "नऊला उघडतं ना, मग नऊला पोहोचू" असा हिशोब इथे चालतच नाही. त्याच शहरात युनिव्हर्सलचं वेगळं साम्राज्य, १९९० चं पार्क, १९९९ चं पार्क, २०१७ चं वॉटर पार्क, आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेलं एपिक युनिव्हर्स, जे जुन्या दोघांच्या शेजारी नाही, गाडीने जावं लागतं. म्हणून ऑरलँडोचं उत्तर "तीन दिवस" असं कोणी दिलं तर विचारा, तीन दिवसांत नेमकं काय?

जर्मनीतलं युरोपा-पार्क (१९७५ पासून) एकाच गेटचं, पण इतकं पसरलेलं आहे की दोन दिवस लागतात. अबू धाबीच्या यास बेटावर उलटं आहे, पार्क वेगवेगळी, तिकिटं वेगवेगळी, पण फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि सीवर्ल्ड ही तिन्ही बहुतांश छताखाली आहेत त्यामुळे ऊन आड येत नाही, आणि लहान मुलं घेऊनही एका दिवसात एक पार्क दमछाक न होता उरकतं.

या पायरीला कागदावर फक्त एक आकडा लिहायचा, आपल्याला खरंच किती पार्कात पाय ठेवायचाय. सगळी करायलाच हवीत असं अजिबात नाही. चारातली दोनच निवडली आणि निवांत केली तर मुलं चारांचं नावही काढत नाहीत.

पायरी २ : माणसं मोजा, आणि मुलांची उंची पण मोजा

वय सगळे बघतात, उंची बघायची राहून जाते, आणि पार्कात दारावर विचारतात ती उंची. फ्लोरिडातल्या स्पेस माउंटनला ११२ सेंटिमीटर लागतात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७, ट्रॉनला १२२, युनिव्हर्सलच्या हल्कला १३७. प्रत्येक पार्कच्या अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर ही यादी असते आणि ती मधूनमधून बदलते, म्हणून जायच्या आधी ताजी बघून घ्या.

दारावर हे कसं होतं ते सांगते. राईडच्या रांगेच्या तोंडाशीच उंची मोजायची पट्टी नाहीतर खांब असतो. कर्मचारी मुलाला सरळ उभं करतात, टाचा खाली टेकल्यात ना ते बघतात, केस फुगवलेले किंवा वर बांधलेले असतील तर हाताने दाबतात, आणि पट्टीला डोकं लागलं तर आत, नाही लागलं तर गोड हसून नाही म्हणतात. एका सेंटिमीटरसाठीही नाहीच. आणि नाही म्हटल्यावर मग तिथे वाद घालणारे बाबा आणि बाजूला ओठ काढून उभं राहिलेलं पोर, हे दृश्य इतक्या वेळा दिसतं की फार वाईट वाटतं, कारण घरी दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलने रेघ मारली असती तर हे सगळं आधीच कळलं असतं आणि पोराला ती राईड कोणी कबूलच केली नसती.

याचा दिवसांशी संबंध काय तर सरळ आहे. मूल ९५ सेंटिमीटरचं असेल तर मोठ्या राईड सगळ्या बाद, यादी निम्मी होते. पण म्हणून दिवस निम्मे होतात असं समजू नका, कारण तेवढं मूल एकच गोल फिरणारी राईड चार वेळा मागतं, परेड बघायला अर्धा तास आधी फूटपाथवर बसावं लागतं, कॅरेक्टरला भेटायची वेगळी रांग असते, आणि दुपारी झोप लागते ती लागतेच. म्हणजे यादी छोटी पण वेग पण निम्मा. माझ्या मते चार वर्षांखालच्या मुलांसाठी सलग खूप दिवस घेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, त्यांना दोन छान दिवस द्या. डेन्मार्कच्या बिलुंडचं लेगोलँड (१९६८) वगैरे पार्क तर दोन ते बारा वर्षांच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवूनच केलेली असतात, तिथे या वयाला सगळंच आपलं वाटतं आणि दिवस अडखळत नाही.

टीनएजर मुलं असतील तर चित्र उलटं. त्यांना राईड हव्यात, मोठ्या हव्यात, त्याच त्याच हव्यात, आणि ती सकाळपासून रात्रीपर्यंत पळू शकतात. त्यांना एका पार्कात एका दिवसात जास्त जमतं.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचे पाय हा हिशोबातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. थीम पार्कात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, नुसतं एपकॉटच्या तलावाभोवतीचं एक चक्कर दोन किलोमीटरच्या आसपास आहे. आजींना रोज ते करायला लावू नका. व्हीलचेअर भाड्याने मिळते, लाजायचं कारण नाही, आणि एक दिवस त्यांनी हॉटेलवर आराम केला तरी चालतं हे आधीच बोलून ठेवा म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही.

आता प्रत्येकाने आपापल्या कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या, ज्या झाल्या नाहीत तर खरंच हळहळ वाटेल. एकमेकांचं न बघता. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र केल्या की काही नावं जुळतात, पाच माणसांच्या घरात नऊ-दहा गोष्टींची यादी तयार होते. ही खरी यादी. इंटरनेटवरच्या "या २५ राईड चुकवू नका" वाल्या यादीपेक्षा ही लाखमोलाची.

पायरी ३ : एका दिवसात खरंच किती होतं

पार्क सकाळी ९ ते रात्री ९ उघडं आहे म्हणजे बारा तास मिळाले असं वाटतं. चला वजाबाकी करू.

दोन वेळचं खाणं, ऑर्डर, जागा शोधणं, दीड तास. बाथरूम, पाणी भरणं, बाबागाडी लावणं आणि परत शोधणं, "थांबा हं मी आलेच" वगैरे, एक तास, मुलं लहान असतील तर जास्तच. एक परेड किंवा शो आणि त्यासाठी आधी जागा धरून बसणं, दीड तास. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं, दीड तास. राहिले साडेसहा तास. एका राईडला मध्यम गर्दीच्या दिवशी रांग आणि राईड मिळून सरासरी पाऊण तास धरा, म्हणजे आठ, फार तर नऊ राईड. आणि हे सगळे जण रात्री नऊपर्यंत टिकले तर. लहान मूल संध्याकाळी पाचलाच गळून गेलं तर पाच किंवा सहा.

हा माझा अंदाज आहे, तुमच्या पार्कप्रमाणे कमी-जास्त करा, पण वजाबाकी कराच. मग पायरी २ ची यादी घ्या आणि त्यात "जाता जाता मिळाली तर करू" अशा गोष्टी पण धरा, समजा एका पार्कात चौदा झाल्या. आठाने भागा. पावणेदोन. म्हणजे त्या पार्काला एक दिवस कमी पडणार, दोन दिवस आरामात पुरणार.

अजून एक. उंचीमुळे कोणी एक मूल बाहेर राहणार असेल तर आई-बाबांनी आलटून पालटून जायची सोय जवळपास सगळ्या मोठ्या पार्कात असते, डिस्नीत रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. एकजण राईड करून येतो, मग दुसऱ्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. रांगेच्या तोंडाशी असलेल्या माणसाला आधी विचारायचं, तो सांगतो कसं करायचं. वेळ वाचतो, पण तरी दोनदा राईड होणार म्हणून तिथे पाऊण तासाऐवजी तास-सव्वा तास धरा.

पायरी ४ : दिवसांपेक्षा सकाळ महत्त्वाची

मला या अख्ख्या लेखात एकच गोष्ट मनापासून सांगायची असेल तर ती ही.

राईड एका तासात ठरावीकच माणसं घेते. समजा १,२०० घेते. रांगेत ६०० माणसं उभी असतील तर तुमचा नंबर अर्ध्या तासाने लागणार, १,८०० असतील तर दीड तासाने. राईडचा वेग दिवसभर तोच असतो, बदलते ती फक्त पुढे उभी असलेली माणसं. आणि पार्क उघडतं तेव्हा रांग शून्य असते. बहुतेक लोक दहा-साडेदहापर्यंत येतच राहतात, अकरानंतर रांगा फुगतात आणि दुपारी सगळ्यात जास्त असतात, संध्याकाळी उशिरा परत उतरतात. म्हणून उघडल्यानंतरच्या पहिल्या दीड तासात जेवढ्या राईड होतात तेवढ्याच करायला दुपारी चार तास लागू शकतात.

आता यावरून दिवसांचा हिशोब कसा बदलतो बघा. एकच दिवस घेऊन सकाळी नऊ ते रात्री अकरा असं तंगडतोड केलंत तर तुम्हाला चांगली वेळ एकदाच मिळाली. दोन दिवस घेऊन रोज सकाळी नऊ ते दुपारी दोन केलंत तर एकूण तास कमी, पण चांगली वेळ दोनदा मिळाली, राईड जवळपास तेवढ्याच किंवा जास्त झाल्या, आणि पोरं दुपारी हॉटेलच्या पूलमध्ये. दुसरा प्रकार लहान मुलांच्या फॅमिलीसाठी शंभर टक्के चांगला. म्हणून दिवस मोजताना स्वतःला विचारा, मला किती वेळा पार्क उघडताना दारात उभं राहता येणार आहे? सकाळी उठणं आमच्याकडे कोणालाच जमत नाही असं असेल तर ते पण मान्य करा आणि एक दिवस वाढवा, त्यात काही वाईट नाही.

दारात उभं राहणं म्हणजे उघडायच्या वेळेला नाही, त्याआधी तीस-चाळीस मिनिटं. बॅग तपासणी असते, तिकीट स्कॅन होतं, मग आत थोडं सोडतात आणि एका दोरीपाशी थांबवतात. डिस्नी वर्ल्डच्या स्वतःच्या हॉटेलात राहिलात तर अर्धा तास आधी पार्कात सोडतात, युनिव्हर्सलच्या हॉटेलवाल्यांनाही ठरावीक पार्कात लवकर प्रवेश असतो. हा अर्धा तास छोटा वाटतो, पण वरचा हिशोब बघितलात तर कळेल की तो दिवसातला सगळ्यात किमती अर्धा तास आहे.

पायरी ५ : कधी जाताय

शाळांना सुट्टी म्हणजे गर्दी, हे सगळीकडे सारखं. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा तर जवळपास प्रत्येक पार्कात सगळ्यात कठीण, जपानला एप्रिलचा शेवट ते मे ची सुरुवात म्हणजे गोल्डन वीक, चीनला १ ऑक्टोबरपासूनची राष्ट्रीय सुट्टी. अशा वेळी जायलाच लागत असेल तर पायरी ३ मधल्या आठ राईड विसरा, पाच धरा आणि पार्कामागे अर्धा ते एक दिवस वाढवा. शाळा चालू असतानाचा मंगळवार-बुधवार मिळाला तर एक दिवस कमी केलात तरी चालेल.

हवामान पण बघा. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस हे रोजचंच, आणि वीज चमकायला लागली की बाहेरच्या राईड बंद करतात, कधी अर्धा तास कधी दोन तास. एकच दिवस हातात असेल आणि नेमका तोच असा गेला तर काही उपाय नाही. आणि दुरुस्तीला बंद असलेल्या राईडची यादी वेबसाइटवर असते, ती बघा, मुलीने जिच्यासाठी वर्षभर उड्या मारल्या तीच राईड बंद निघाली असं नको व्हायला.

पायरी ६ : पोहोचल्याचा दिवस आणि रिकामा दिवस

विमानातून उतरलात तो दिवस पार्कचा धरूच नका. लांबचा प्रवास असेल, वेळेचा फरक असेल तर दुसरा दिवसही हलकाच ठेवा. एक गंमत मात्र आहे, टाइम झोनमुळे मुलं पहाटे चारला टक्क जागी होत असतील तर पहिली सकाळ लवकर गाठायला ते कामी येतं, फक्त त्या दिवशी दुपारी परत यायचं हे आधीच ठरवून.

सलग दोन दिवस पार्क झालं की तिसरा दिवस मोकळा. हे मी अगदी ठामपणे सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी पायाला फोड आलेले असतात, धाकटं कडेवरून उतरत नाही, थोरलं कशालाच हो म्हणत नाही, आणि आई-बाबा एकमेकांवर चिडायला लागतात. पैसे भरलेत म्हणून ओढत नेलं की तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण नको त्या कारणाने. मोकळ्या दिवशी कपडे धुवा, पोहा, उशिरा उठा, बस्स. चौथ्या दिवशी तीच मुलं चप्पल घालून दारात उभी असतात. म्हणजे पार्कचे चार दिवस हवे असतील तर मुक्कामाचे सहा किंवा सात धरायचे.

पायरी ७ : मग तिकिटाचा हिशोब

इतकं झाल्यावर तिकिटाच्या पानावर जायचं, आधी नाही. कारण पान असं केलेलं असतं की जास्त दिवस घ्यावेसे वाटतात. बहुतेक मोठ्या पार्कात दिवस वाढले की दर दिवसाचा भाव उतरतो, डिस्नी वर्ल्डला तर चौथ्या-पाचव्या दिवसासाठी पहिल्यापेक्षा खूपच कमी मोजावं लागतं. ही खरंच सोय आहे, पण स्वस्त झालेला दिवस पण फुकट नसतो, त्या दिवसाचं हॉटेल, खाणं, येणं-जाणं सगळं वर लागतं. तेव्हा दर दिवसाचा भाव बघू नका, वाढलेल्या एका दिवसाचा सगळा मिळून खर्च बघा आणि त्या बदल्यात काय मिळतंय ते बघा.

वय बघा. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कात तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ३ ते ९ ला मुलांचं, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं. टोकियोला चार वर्षांपासून तिकीट लागतं. वाढदिवस जवळ असेल तर तारखांचा खेळ करून पाहण्यासारखा आहे.

मग प्रश्न येतो तो रांग टाळायच्या पासचा. डिस्नीत फास्टपास १९९९ ला आला तेव्हा फुकट होता, आता अमेरिकेत त्याच्या जागी लायटनिंग लेन आहे आणि ती पैसे देऊन, युनिव्हर्सलचा एक्सप्रेस पण पैसे देऊन, आणि गर्दीच्या दिवशी पाच जणांचा मिळून आकडा डोळे फिरवतो. नियम सोपा ठेवा. सुट्टी मोजकी आहे, दिवस वाढवणं शक्यच नाही, तर पास घ्या, तो एका दिवसात दीड दिवसाचं काम करून देतो. सुट्टी आहे, मुलं लहान आहेत, तर तेच पैसे एका जादा दिवसात घाला, कारण पास रांग कमी करतो पण थकवा कमी करत नाही.

एकाच दिवशी अनेक पार्कात फिरायचं तिकीट पण मिळतं. अनाहाइमला त्याला अर्थ आहे, दारं समोरासमोर आहेत. ऑरलँडोच्या डिस्नीत पहिल्यांदा जाणाऱ्या फॅमिलीने ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत, दुपारचा एक तास प्रवासात घालवून उपयोग नाही. युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांमध्ये हॅरी पॉटरची ट्रेन धावते आणि तिच्यात बसायला दोन्ही पार्कांचं तिकीट एकाच दिवशी लागतं, तेव्हा घरात त्याचे वेडे असतील तर तिथे एक दिवस असा घ्या.

तिकीट किती दिवसांत वापरायचं याची मुदत असते, ती वाचा. मोकळा दिवस मध्ये टाकलाय ना, मग तो त्या मुदतीत बसतो का बघा. आणि दुपारी बाहेर जाऊन परत यायचं असेल तर आत सोडतात का तेही विचारा, काही पार्कात एकदा बाहेर पडलं की संपलं, तिथे दुपारची झोप बाबागाडीतच काढायला लागते.

पायरी ८ : सगळं एकत्र करून बघू

समजा आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी १३० सेंटिमीटर, चार वर्षांचा मुलगा १०० सेंटिमीटर आणि आजी. ऑरलँडो, शाळा चालू असतानाचे दिवस.

चिठ्ठ्या गोळा केल्या. मुलीला मॅजिक किंगडमच्या मोठ्या राईड आणि आतिशबाजी, मुलाला मिकी, डंबो आणि माइन ट्रेन (१०० आहे, ९७ लागतात, चालेल), आजींना प्राणी बघायचेत, बाबांना एपकॉट, आईला हॅरी पॉटर. म्हणजे मॅजिक किंगडम दोन सकाळ, कारण दोन्ही मुलांची यादी तिथेच आणि दोघांच्या राईड वेगळ्या. अ‍ॅनिमल किंगडम एक, सफारी सकाळी सकाळी, दुपारपर्यंत सगळे बाहेर. एपकॉट यादीत एकट्या बाबांचंच आहे. पण बाबांनी चिठ्ठीत लिहिलंय ना, मग त्यासाठी एक दिवस, पण हलकाच. युनिव्हर्सल एक दिवस, त्यात मुलगा बऱ्याच ठिकाणी बाहेर राहणार म्हणून आजी आणि मुलगा त्या दिवशी हॉटेलवर पोहणार, आई-बाबा आणि मुलगी जाणार.

क्रम लावला : पहिला दिवस पोहोचण्याचा. दुसरा मॅजिक किंगडम, दुपारी परत. तिसरा अ‍ॅनिमल किंगडम. चौथा मोकळा. पाचवा परत मॅजिक किंगडम, या दिवशी दुपारी झोपून संध्याकाळी पुन्हा आत, आतिशबाजीसाठी. सहावा एपकॉट, उशिरा निघून, म्हणजे अर्धा आरामच. सातवा युनिव्हर्सल. आठवा परतीचा. डिस्नीचं चार दिवसांचं तिकीट, युनिव्हर्सलचं एक, मुक्काम सात रात्री. बजेटमध्ये बसत नसेल तर पहिला जाणार एपकॉट, मोकळा दिवस नाही. काही कापायचंच असेल तर पार्क कापा, आराम कापू नका.

अगदीच एक दिवस हातात असेल, कामासाठी त्या शहरात आलात आणि मुलं बरोबर आहेत असं काहीतरी, तर जरूर जा, फक्त एकच पार्क, यादीतली प्रत्येकाची एकच गोष्ट, उघडायच्या आधी दारात, आणि रांगेचा पास शक्य असेल तर घ्या. मुलांना आदल्या रात्रीच सांगा की आपण या या चार गोष्टी करणार आहोत, बाकी मिळालं तर बोनस. चार कबूल करून सहा दिल्या तर मुलं नाचत परत येतात.

तिकीट काढायच्या आदल्या दिवशी मुलांची उंची परत एकदा मोजा, बूट घालून आणि बूट काढून, दोन्ही, आणि तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.